नऊ कमी

धंतोलीच्या घरचा तो जुना फोन:
पाच लाख एक्केचाळीस हजार सहाशे सत्त्याऐंशी.
लाइन कधीच कापली. आकडा जीभ सोडत नाही.

नवतप्यात, कूलरपुढे,
वीजबिलाच्या पाठीवर भागत बसलो.
तिनानं एक उरतो. सातानं सहा.
तेरानं पुन्हा तीन.
म्हटलं, अविभाज्य दिसतो बाप्पा,
यादवदादासारखा.

लाइट गेली तेव्हा उगाच
नऊ मिळवून पाहिले,
आणि सातशे छत्तीसचा वर्ग
भरला काठोकाठ.
म्हणजे इकडे सातशे तेहेतीस,
तिकडे सातशे एकोणचाळीस,
दोघंही कोणाकडूनच न भागणारे,
मधे छत्तीसचा आकडा,
आणि दोन्हीकडून
तीनच पावलं.

दादा मानेवाड्याला असतो.
सीताबर्डीवरून सरळ बस जाते.