घट

मागच्या दाराचा काटा
पहाटे साडेपाचला मी शून्यावर आणतो.
कांदोळीच्या या हॉटेलाचं तोंड समुद्राकडे,
पाठ माझ्याकडे.

मालीमहून विसवण येते बर्फात झोपून,
तिला आत जायला कोणी अडवत नाही.
बेळगावचा ट्रक येतो, टोमॅटो एका मापाचे,
जणू एकाच आईचे.
मग नादोड्याहून पहिल्या बसने
देवकू गावडे, डोक्यावर टोपली,
तांबड्या भाजीच्या चाळीस जुड्या
केळीच्या सोपटाने बांधलेल्या,
मुळांना अजून नदीकाठचा चिखल.

मी पान उजेडाकडे धरतो.
भोकं.
किती भोकांना किती जुड्या परत
ते भिंतीवरच्या कागदात आहे.
ती म्हणते, "किड्यान खाल्ल्या
म्हणजे गोड आसा रे पुता."
मी तेवीस जुड्या परत करतो.
ती भांडत नाही. पदराने टोपलीचा काठ पुसते
आणि परत केलेल्यातलीच एक मला देते,
तुझ्या आईला म्हणून.
माझ्या डब्याशेजारी ती दिवसभर कोमेजते.

घरी आम्ही तीच खातो, भोकांसकट.
आई दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसते
जमिनीवर, जागेची पावती कमरेला खोचून.
तीस वर्षं तराजू धरून
तिचा उजवा खांदा उतरलाय.
माझे दोन्ही खांदे सारखे आहेत.
माझा काटा विजेवर चालतो.

शनिवारी हिरवळीवर "गावचं जेवण".
झावळ्यांचा मांडव, भाड्याने आणलेली मडकी,
पाटीवर खडूने: आमच्या शेतकऱ्याकडून थेट ताटात.
देवकूच्या सतरा जुड्या
तांब्याच्या भांड्यात, खाली मेणबत्ती.
भाव मला ठाऊक आहेत, दोन्ही दारांचे.
इथे लिहीत नाही.
लिहिले तर तुम्ही आकडेच वाचाल.

रात्री साडेअकराला पुन्हा तोच काटा.
आता येतं वाढलेलं, न खाल्लेलं:
उकड्या तांदळाचा भात, पुडिंग,
विसवणीचे तुकडे, कुणीतरी
नुसतेच काट्याने टोचून पाहिलेले.
बासष्ट किलो.
मग त्यावर फिनेल, दोन झाकणं,
कुणी खाऊ नये म्हणून.
हेही कागदात आहे.

त्या रात्री त्रिनाथ माझी,
भांडी घासणारा, कंधमालचा,
फिनेलच्या आधी पोचला.
मुठीत विसवण.
तुकडा काट्यावर ठेवला गेला, एकशे दहा ग्रॅम.
लोटलीकरसाहेब म्हणाले, लिही. चोरी.
त्रिनाथ लाल आकड्यांकडे बघत होता,
बोटांना अजून साबणाचा फेस.
हिंदीत त्याने एवढंच विचारलं,
यात हाडाचंही वजन धरलंय का?
कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

वहीत रकाने तीन: आवक, परत, घट.
बर्फ वितळला की मासळी हलकी होते,
उन्हाने भाजी सुकते,
त्याला घट म्हणतात.
घटीवरून कुणाला जाब विचारत नाहीत.
मी लिहिलं: घट, ११० ग्रॅम.
साहेबांनी जांभई देत सही केली.

हे धाडस होतं असं समजू नका.
चोरीला रकानाच नव्हता.
आणि सोमवारी भांड्यांपाशी दुसराच मुलगा होता,
ठेकेदाराने रात्रीत बदललेला,
त्रिनाथचाच ॲप्रन घातलेला, गुडघ्याखाली लोंबणारा.

मंगळवारी देवकू आली.
विचारलं, आईला भाजी आवडली का.
मी हो म्हणालो.
मग रिकाम्या टोपलीचं वजन वजा करून
काटा शून्यावर आणला
आणि पहिलं पान
उजेडाकडे धरलं.