भूल देण्यापूर्वी

बांबोळीच्या इस्पितळात मी माणसं झोपवतो.
उलटे आकडे मोजायला लावतो.
सातच्या पुढे फारसं कुणी जात नाही.

आज एर्मेलिंडा, वय एक्क्याऐंशी, दिवाडी बेट,
डावा खुबा.
माझं मनगट धरून विचारते,
"बाबा, ह्या झोपेत कोण येतो?"
कुणी नाही, मी म्हणतो.
"मग बरं कसं व्हायचं?"

फेरीबोट आठवली.
सात वर्षांचा मी, गुडघा नारळाएवढा,
आईच्या पदराला डिझेलचा वास.
पिशवीत मेणाचा पाय, साडेतीन रुपयांचा,
दुसऱ्याच कुणाच्या मापाचा.
जुळ्या वैद्यांच्या कपेलात रात्र काढायची होती.

पाद्री कायतान कंदील घेऊन आला. वाटलं, हाकलणार.
तो पायरीवर टेकला.
म्हणाला, फार जुनी रीत आहे ही.
समुद्रापलीकडे एक देव होता, काठीला साप गुंडाळलेला;
दुखणाईत त्याच्या देवळात निजायचे,
स्वप्नात येऊन तो हात फिरवायचा.
पुढे देवळं पाडली, देवाला सैतान ठरवलं,
तरी दुखणाईत तिथेच अंथरूण टाकत राहिले.
शेवटी संतांनाच रात्रपाळीला उभं राहावं लागलं.
हे दोघे भाऊ त्यातलेच. पैसे घेत नसत.

आई म्हणाली, जुळे वैद्य म्हणजे अश्विनीकुमार.
आणि साप म्हणजे आमची सांतेर, वारुळातली.
पाद्री बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "नीज बाई. तेल संपत आलंय."

त्या रात्री कोण आलं?
चाळीस वर्षं मी खोटं सांगत आलोय.
आईला सांगितलं: दोघे होते, घोड्याच्या घामाचा वास येत होता.
पाद्र्याला: दोघे होते, एकाच्या हातात मलमाचा डबा.
खरं तर मला गाढ झोप लागली होती.
पहाटे डोळे उघडले तेव्हा
आईचा तळवा माझ्या गुडघ्यावर,
आणि ती बसल्या बसल्या झोपलेली,
झोपेत कुणाशी तरी हुज्जत घालत होती.
सूज महिन्याने उतरली.
इंजेक्शनंही चालू होती म्हणा.

एर्मेलिंडा वाट बघतेय.
मी तोंडावरचा मास्क खाली ओढतो.
हा चेहरा नीट बघून ठेव, म्हणतो.
ती बघते. मिशी, चष्मा, हनुवटीवरचा व्रण,
बाजारात मासळी निरखावी तशी.
"एकटाच? भाऊ कुठे तुझा?"

हात धुतोय, मी म्हणतो.
मोज.
दहा. नऊ.