दोन मुलांएवढी जागा

नावाडी म्हणाला, हे तरी, नाहीतर ती दोन पोरं.
सप्टेंबर, चव्वेचाळीस. एस्टोनियाचा किनारा, कंदील विझवलेले.
आर्वेद लीनसारनं डबल बास वाळूवर आडवा केला,
दमलेली गाय बसवावी तसा,
आणि नुसता गज कोटाच्या बाहीत सरकवून
होडीत चढला.

हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही.
मला सांगायचा ते एवढंच:
अंगठा ढिला सोड. गज दाबू नकोस,
त्याचं वजन त्याला वाहू दे.

हॅमिल्टन, ऑन्टारिओ. बेकरीच्या वरची खोली.
पहाटे तीनला खाली कणीक मळायचं यंत्र सुरू व्हायचं.
ऐक, म्हणायचा, आपल्या सर्वांत जाड तारेपेक्षा
जरासं उतरलंय आज.
पोलादाच्या कारखान्यात पाळी. उरल्या वेळात
हजेरीच्या जुन्या तक्त्यांमागे स्वरलेखन:
जेवणाचा काटा शाईत बुडवून चार रेघा एकदम,
पाचवी हातानं.
ती पाचवी नेहमी किंचित वाकडी.

एकूण एकोणीस रचना. व्हायोलिनसाठी एकही नाही.
व्हियोला आणि चेलोसाठी 'मीठ'.
तीन चेलोंची 'भाडेपावती'.
चार डबल बासची एक चौकडी, जिच्यासाठी टोरांटोहून
दोघं आले, वाद्यांची वेगळी तिकिटं काढून,
आणि तिकिटांचे पैसे त्यानं दोन महिने फेडले.

इतकं खाली का लिहिता, विचारलं एकदा कुणी.
म्हणाला, खिडक्यांसमोर उभं राहून
बँकेत, दवाखान्यात, परवान्याच्या कचेरीत
चढ्या आवाजात बोलून बोलून घसा गेला माझा.
खर्जात कुणी उच्चार तपासत नाही.

क्रमांक अकरा एकट्या बाससाठी. नाव नाही.
मधे चाळीस मात्रांची विश्रांती, वर पेन्सिलीनं:
गज हवेत धरा. हात दुखला पाहिजे.

तो गेल्यावर मी तो वाजवला, चर्चच्या तळघरात,
अकरा श्रोत्यांपुढे. बारावी लेइदा,
कपडे धुण्याच्या दुकानाची मालकीण,
त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला शेवटच्या ओळीत
आणि प्रत्येक कार्यक्रमात गाढ झोपलेली.
मला राग यायचा तिचा.
त्या दिवशीही, गज वर, दंड थरथरतोय,
रेडिएटरचा नळ खाकरतोय,
आणि मागून तिचं संथ घोरणं.

नंतर राईची भाकरी कापता कापता म्हणाली,
होडीत फार थंडी होती रे.
काल्यू रडत होता, मी ओकत होते.
तेव्हा हा माणूस रात्रभर आमच्या डोक्यावर
तोंड मिटून गुणगुणत राहिला,
इतकं खाली की कानाला नव्हे, पाठीला ऐकू यायचं.
स्वीडनचे दिवे दिसले तेव्हा आम्ही झोपेत होतो.
तेव्हापासून असलं काही लागलं की
मला जागं राहताच येत नाही.

त्याला माहीत होतं? मी विचारलं.

हो तर, ती म्हणाली, सुरी पुसत.
टाळ्या संपल्या की आधी मागे बघायचा.
मी झोपलेली दिसले
की खूश.