गाळण

सहावी ब. प्रयोग तिसरा.
येताना मूठभर वाळू आणा, मी काल सांगितलं होतं,
जणू फहाहीलमध्ये वाळू आणावी लागते.
एसीच्या जाळीत, खिडकीच्या फटीत,
हजेरीपटाच्या पानापानांत ती आहेच,
परवाच्या धुळीच्या वादळानंतर तर दातांखालीसुद्धा.

तरी प्रत्येकाने आपापली आणली.
कुणी किनाऱ्यावरची, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट,
कुणी वडिलांच्या गाडीच्या पायपुसण्याखालची.
सुफियान परकारची लोणच्याच्या बरणीत,
झाकणाला अजून मोहरीचा वास.
"अब्बांच्या कपड्यांतली आहे, मॅडम.
धुवायच्या आधी अम्मी बादलीत झटकते."

कागद अर्ध्यात दुमडा. पुन्हा अर्ध्यात.
आता उघडा, एका अंगाला तीन पदर,
दुसऱ्या अंगाला एकच.
नरसाळ्यात बसवा, पाण्याचं बोट फिरवा, चिकटेल.
काचकांडीवरून ओता, सावकाश,
कागदाच्या काठाखालीच थांबा.

थेंब.
मग बराच वेळ काही नाही.
मग थेंब.
तीस मुलं इतकी गप्प
मी परीक्षेतही पाहिली नाहीत.

वर राहिला तो अवशेष,
खाली उतरलं ते गाळीव,
मी फळ्यावर लिहीत होते
तेवढ्यात सुफियानने बोट बुडवून जिभेला लावलं.
प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही,
दारावर तीन भाषांत लिहिलंय.
मी ओरडणार, तर तो हळूच,
एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारा,
बाणकोटच्या हेलात म्हणाला,
"खारट लागतंय."

"समुद्राची असेल," शेजारची श्रेयोशी म्हणाली.
"नाही. अब्बा टाक्यांना रंग देतात.
समुद्र तिथून लांब आहे."

पाणी तर स्वच्छ होतं.
त्यात पलीकडची खिडकी उलटी दिसत होती,
खिडकीत शाळेचं कुंपण, आणि पांढरं ऊन.
विरघळण्याचा धडा रविवारी आहे.
जे विरघळतं ते कागदाला अडवता येत नाही,
हे तेव्हा सांगायचं होतं.
मी डस्टर उचललं, आणि काही न पुसता ठेवलं.

घंटा झाली. सगळ्यांचे कागद केराच्या डब्यात.
सुफियानने आपला एसीखाली धरून वाळवला,
वाण्यासारखी पुडी बांधली,
कंपासपेटीत ठेवली.
का, ते मी विचारलं नाही.

त्याचं चंचुपात्र मोरीत ओतायचं राहिलं,
किंवा मी ओतलं नाही.
नावाची चिठ्ठी लावून खिडकीत ठेवलंय.
शुक्रवार, शनिवार शाळा बंद.
ऊन काय ते करील.