अंधार किती लागन

सीताबर्डीच्या दुकानात पोरगा आकडे सांगतो :
लुमेन इतके, कॉन्ट्रास्ट तितका,
दिवा वीस हजार तास.
बाबा ऐकतच नाहीत. यंत्राला कान लावतात.
"पंखा वाजते याचा."
"काका, तुमचा कूलर याच्यापेक्षा जोरात वाजते न!"

हे मात्र खरं.

मानेवाड्यातली आमची खोली अकरा फूट,
त्यात मधोमध दिवाण.
भिंतीवर कॅलेंडरचा खिळा,
तो प्रत्येक नायिकेच्या गालावर येणार.
आणि मे महिन्यात सात वाजले तरी
वाळ्याच्या ताटीतून ऊन आत घुसतं.

बाबांनी तीस वर्षं टॉकीजमध्ये रिळं चढवली.
विचारतात,
"अंधार किती लागन याले?"

पोरगा माहितीपत्रक उलटतो.
मागे फक्त वॉरंटी.