नमुना सतरा, मादी

सिदाबच्या धक्क्यावर पेटी उतरवताना खल्फान म्हणाला,
बाई, ही तर उवेएवढी.
हिच्यासाठी दोन किलोमीटर दोर?

सापळ्यात कुप्याचं अख्खं डोकं बांधलं होतं.
वर आली ती नुसती कवटी, घासून ठेवलेल्या भांड्यासारखी,
आणि तिच्या डोळ्याच्या खोबणीत ही,
भिजवलेल्या तांदळाच्या रंगाची.

लांबी सव्वा अकरा मिलिमीटर,
कपाळापासून शेपटाच्या चिरेपर्यंत, पाठीच्या बाकावरून मोजून.
अंग दोन्ही बाजूंनी चेपलेलं,
दाराखालून आत सरकवलेल्या पत्रासारखं.
डोळे नाहीत.
असायला हवे होते तिथे कवच जरा पातळ,
एवढंच.

शृंगिकांच्या दोन जोड्या. पहिली आखूड, बुडाशी जाड,
आतल्या अंगाला केसांचा दाट कुंचला.
वास ह्या केसांना येतो.
मेलेला मासा तळाला टेकतो
आणि कुठेतरी लांब, चिखलात, हे केस जागे होतात.

जबड्याची कड सरळ, अडकित्त्याची असते तशी.
दुसऱ्या पायाचा तिसरा सांधा लांबट,
टोकाला इवलीशी मूठ.
पाय सात जोड्या.
रिवाज असा की डावी बाजू सुईनं सोडवायची,
उजवी अखंड ठेवायची,
पुढेमागे कुणाला शंका आली तर.
डावा सहावा मुळातच तुटलेला.
लिहिलं: तुटलेला. बाकी माहीत नाही.

बताक्याच्या अर्जातही रकाना होता, ओळखीची खूण.
मी भरलं होतं, उजव्या अंगठ्यावर व्रण.
कशाचा, हे विचारायला रकाना नव्हता.
कुर्लीच्या डेंग्याचा. मोचेमाडची खाडी, मी नऊ वर्षांची.

बिजू दिवे मालवून गेला. एसी ठिबकत होता.
तिसऱ्या पायाच्या बुडाशी सुई घातली
आणि पातळ पानांची एक ओंजळ उघडली,
पान आत वळलेलं, कडेला केस केसांत अडकवलेले.
आत अंडी. नऊ.

आवस बाजारात कुर्ली उलटी धरायची, पोटावर अंगठा दाबायची.
"अवसेची आसा, भरलेली.
पुनवेक येशात तर पोकळ गावतली."
लाखेचे दोन रुपये जास्त.

अठराशे मीटरखाली पुनव पोचत नाही.

जुने लोक लिहून गेलेत:
अंडी पोटाशी असलेली मादी आमिषाला येत नाही.
कुठेतरी दडून राहते, न खाता.
सापळ्यात सापडतात त्या रिकाम्या.
मग ही?
आतडं सोडवलं. कुप्यानं ठासलेलं,
शेवटच्या वळ्यापर्यंत, शिवण उसवेल इतकं.

माझ्या वेळी आवस नवव्या महिन्यापर्यंत चिखलात उतरत होती.
गुडघाभर. टोपली डोक्यावर.
लोक म्हणायचे, अशा दिवसांत बाई घरात बसते.
लोकांच्या घरात तांदूळ होते.

संपादकांचं पत्र आलं:
वर्णन ठीक, आकृती चारमध्ये पट्टी राहिली आहे,
आणि नावाची व्युत्पत्ती द्यावी.
मी लिहिलं: अवस.
लेखिकेच्या भाषेत चंद्र नसलेली रात्र. नाम, स्त्रीलिंगी.
रोमन अक्षरांत काना दिसत नाही.
दुसरा अर्थ त्यातच मावला, लिहावा लागला नाही.

अंडी वेगळ्या कुपीत ठेवली.
मग वाटलं, कशाला वेगळी,
आणि तिच्याच कुपीत परत सोडली. नियमात बसत नाही हे.
चिठ्ठी पेन्सिलीनं. शाई स्पिरिटमध्ये उतरते.

सकाळी खल्फान दोर धूत होता, गोड्या पाण्यानं, कोपरापर्यंत ओला.
पुन्हा सोडायचा का, म्हणाला.
डोकं मात्र आता विकत आणावं लागेल,
कुपा महागलाय.