चौदावं खोकं

डुलुथच्या अग्निशमन केंद्राचा वरचा हॉल.
बाहेर सरोवर गोठत चाललेलं.
सैनिकी अकादमीतल्या पोरांना
परीक्षेआधीची खोकी भरतोय आम्ही –
लोकरी मोजे, घशाच्या गोळ्या,
रोलँडच्या बायकोची आल्याची बिस्किटं,
यंदाही जरा करपलेली.

यादी माझ्याकडे. तेरा नावं.
मार्लिसचा मुलगा ऑक्टोबरातच
सोडून परत आलाय;
दिवसभर गराजमध्ये
जुनी मोटरबोट खोलून बसतो म्हणे.

तरी ती आली. स्वतःची कात्री घेऊन.
चिकटपट्टी ओढल्याचा तेवढा आवाज,
बाकी कुणी काही विचारलं नाही.

शेवटी मी खोकी मोजली.
चौदा.
पुन्हा मोजली नाहीत.

चौदावं रोलँडने उचललं,
तिच्या गाडीत ठेवलं,
आणि काचेवरचा बर्फ
उगाच, कितीतरी वेळ
खरवडत राहिला.